मंडळीत वाचायचं पान

३ मे

प्रिय बडबडे,

प्रभूमध्ये प्रेमळ सलाम.

तुझं पत्र पोचलं. नेहमीसारखी दोन्ही पानं आधी मीच वाचली. माझं पान कपाटात ठेवलं आणि मंडळीचं पान रविवारी उपासना संपल्यावर उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. खरं सांगू का, वाचताना मलाच जांभई आली. नऊ बायकांना सरळ टीप घालता येते, दोन मशिनी दुरुस्त झाल्या, एकीला तिथली भाषा वाचता यायला लागली. चांगलंच आहे गं. पण वडीलजन घड्याळ बघत होते, आणि खजिनदारांनी चष्मा पुसायला काढला तो माझं वाचून होईपर्यंत पुसतच बसले.

मंगळवारी कमिटी बसली तेव्हा त्यांनी विचारलं, "तिला जाऊन तीन वर्षं झाली. आपण तिला सुवार्तेसाठी पाठवलं की शिवणक्लास काढायला?" सगळे हसले. मी हसले नाही. तुला तिथे ठेवायचं की परत बोलवायचं ते आता जुलैच्या बैठकीत ठरणार. परत आलीस तर मला हाताशी माणूस मिळेल. पण तुझं मन कुठे आहे ते मला ठाऊक आहे, आणि लोक "जमलं नाही वाटतं" म्हणतील तेही ठाऊक आहे.

तेव्हा या वेळी जरा जीव असलेलं काहीतरी लिही. एखादीचं मन पालटलं असेल, कुणी काही विचारलं असेल. मी मुख्याध्यापिका असून सख्ख्या भाचीला वर्गात बोलते म्हणून बाकावर उभी करायचे, विसरलीस? तीच तू आता मुकी झालीस की काय?

फोन करू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि मी उगाच हो-हो करत राहते.

तुझी,
आत्या


१९ मे

प्रिय आत्या,

सलाम. तुझं पत्र मिळालं. परत बोलवतील असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

काय लिहू तेच समजत नाही. चर्चमागच्या खोलीत आम्ही चौदा जणी बसतो आणि सहा भाषा बोलल्या जातात. इथल्या भाषेचे चार तुकडे, हातवारे आणि हसणं, यावर काम चालतं. मी कुणाला "या, प्रार्थनेला बसा" म्हणत नाही. कुणी विचारलं तर सांगते. एकीने सहा महिन्यांनी विचारलं की तू रोज वर्गाआधी डोळे मिटून काय करतेस. मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि दोरा ओवायला लागली. हे कमिटीला कसं सांगायचं?

एक गोष्ट आहे, ती मंडळीच्या पानावर लिहिली आहे. लिहावी की नको असं तीनदा वाटलं. वर्गातल्या एका बाईला मी उपासनेत पाहिलं, तेव्हा ती मला "तुझ्या मनात ठेव" म्हणाली होती. पण मी नाव लिहिलेलं नाही, आणि तुमच्याकडचं पान इथे कोण वाचायला येणार आहे?

तुझी,
बडबडी

(मंडळीचं पान)

प्रिय मंडळी,

आमच्या वर्गात एक बाई आहे. तिला आम्ही काजवाली म्हणतो, कारण बटणांची काजं हाताने इतकी सुबक करणारी दुसरी मी पाहिली नाही. चर्चमागच्या सातमजली इमारतीत ती सर्वांत वर राहते. घरात सासू, नवरा, दीर आणि लग्नाची नणंद. त्यांची श्रद्धा आपल्याहून वेगळी आहे. गेले चार रविवार ती उपासना सुरू झाल्यावर येते, शेवटच्या बाकावर बसते आणि संपायच्या आधी निघून जाते. एकदा मी तिला डोळे पुसताना पाहिलं. ती का येते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. घरी तिने सांगितलेलं नाही. तिच्यासाठी प्रार्थना करा.


२ जून

प्रिय बडबडे,

प्रभूची स्तुती असो. काय पान लिहिलंस गं.

काल वाचताना माझा आवाज भरून आला, आणि माझा आवाज भरून येत नाही हे गावाला माहीत आहे. मी थोडी डागडुजी केली एवढंच. चाळीस वर्षं निबंध तपासलेत, लाल पेन हातात नसलं तरी हात चालतोच. पुढच्या रांगेतली म्हातारी हमसून रडली. ती आता रोज सकाळी तुझ्या "बटणवाल्या मुलीसाठी" प्रार्थना करते. खजिनदार उठून माझ्यापाशी आले आणि माझे हात हातात घेतले. त्यांनी आजवर माझ्याकडे धड बघितलंही नव्हतं.

जे आले नव्हते त्यांनी मागितलं म्हणून एका बोटाने टाइप करून पान मंडळीच्या ग्रुपवर टाकलं. दीड तास लागला. आणि ऐक, कमिटीने जुलैची वाटसुद्धा पाहिली नाही. तुला आणखी दोन वर्षं तिथेच ठेवायचं ठरलं.

आता पुढच्या पानात काजवालीचं पुढे काय झालं ते लिही. लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात.

तुझी,
आत्या


१८ जून

आत्या,

या वेळी मंडळीचं पान नाही. कुणी विचारलं तर मी आजारी आहे म्हणून सांग.

काजवाली सहा वर्ग आलेली नाही. तीन वर्षांत तिने एकही चुकवला नव्हता, ताप अंगात असताना शाल लपेटून यायची. फोन बंद आहे. तिच्या मशिनीवर लहान मुलाचा सदरा अर्धवट पडलाय. एक बाही लागली आहे, दुसरी नाही, आणि सुई कापडातच आहे. मी कुणाला तिथे बसू देत नाही. तिच्या इमारतीतली आणखी एकजण वर्गाला येते, तिला विचारलं तर ती दोऱ्याचं रीळ शोधायला लागली. रीळ तिच्या समोर होतं.

काल शेवटी गेले. लिफ्ट बंद होती, सात मजले चढले. दार साखळीएवढंच उघडलं. सासू होती. मी म्हटलं, सूनबाई वर्गाला आल्या नाहीत, तब्येत बरी आहे ना? त्यावर ती म्हणाली, "तुम्हाला माहीत असेल. तुम्ही तर सगळं लिहिता." आणि दार लावून घेतलं.

मी जिन्यात किती वेळ उभी होते कोण जाणे. तिला कसं कळलं? मी काय लिहिलं होतं गं त्या पानावर? मी प्रत ठेवत नाही. "मनात ठेव" म्हणाली असतानाही मी लिहिलं, एवढंच आठवतं. ते पान होतं तसं उतरवून पाठव. शब्द न् शब्द.

घास उतरत नाही. वर्गात कुणी दार लोटलं की वाटतं तीच आली. आणि मग वाटतं, आली तर तिच्याकडे बघू कशी?

तुझी,
बडबडी


२८ जून

प्रिय बडबडे,

सलाम. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. माणसं आजारी पडतात, पाहुणे येतात, सासवांचा पारा चढतो. मी काही सासू झाले नाही, पण शाळेत पालक म्हणून आलेल्या शेकड्याने पाहिल्यात. आठ दिवसांत येईल ती.

ते पान मी नेमकं कुठे ठेवलंय ते सापडत नाही. कपाट दोनदा उपसलं. तू वाईट काहीही लिहिलं नव्हतंस, हे मी तुला शपथेवर सांगते.

ग्रुपवरचं मी काढून टाकलं. तसं कारण काही नाही, फोनमधली जागा भरते म्हणतात.

सहज विचारते, खजिनदारांचे जावई तुझ्याच शहरात असतात ना? कुठल्या भागात ते माहीत आहे का तुला? नसलं तर राहू दे.

वेळेवर जेव. वर्ग बंद ठेवू नकोस.

तुझी,
आत्या


९ जुलै

आत्या,

खजिनदारांचे जावई कुठे असतात ते आता मला माहीत आहे. ते आणि काजवालीचा दीर एकाच गोदामात कामाला आहेत. सासऱ्यांनी कौतुकाने धाडलेलं पान त्यांनी दिराला कौतुकानेच वाचून दाखवलं, अर्थ सांगितला, आणि विचारलं, "ही तुमच्याच इमारतीतली दिसते, नाही का?" सातवा मजला, सासू, दीर, लग्नाची नणंद, हाताने केलेली काजं. नाव नव्हतं म्हणून मी निर्धास्त होते. नाव सोडून सगळं होतं की.

सोमवारी दीर वर्गात आला. आरडाओरडा केला नाही. फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, तुमच्या भाषेत आहे, तुम्हीच वाचा. मी वाचलं. त्यात होतं, "आमची ही भगिनी काळोखातून प्रकाशात आली आहे. घरच्यांचा जुलूम सोसून ती प्रभूला शरण गेली आहे."

आत्या, ही वाक्यं माझी आहेत का? मी आठवून आठवून थकले. मला वेड लागल्यासारखं झालंय. "का येते मला माहीत नाही" असं मी लिहिलं होतं. ते वाक्य त्यात कुठेच नाही.

आज सासू आली. वर्ग चालू होता. ती सरळ काजवालीच्या स्टुलावर जाऊन बसली आणि सगळ्यांसमोर बोलली, म्हणून मीही ते लिहिते. सुनेची आई मार्चमध्ये वारली, लांब, जाता आलं नाही. नणंदेचं लग्न ठरत होतं, घरात पाहुण्यांचा राबता, म्हणून सासूनेच तिला सांगितलं की घरात रडायचं नाही. ती रडायला जागा शोधत होती. आमचा शेवटचा बाक तिला सोयीचा पडला. सासू म्हणाली, "माझं चुकलं, ते मी तिला सांगितलं. पण जुलूम? तुम्ही तिला एकदा विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं."

मी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, न विचारणं म्हणजे तिचा मान राखणं. तिची आई गेल्याचं मला माहीत नव्हतं आणि लांबच्या दोनशे माणसांना तिचा बाक माहीत होता.

गोदामातून ही गोष्ट बाहेर फुटली, आणि आता नवऱ्या मुलाकडचे विचारताहेत की या घरात सुनांना कसं वागवतात. लग्न अडलंय. काजवालीच्या नवऱ्याने ठरवलंय की महिनाअखेर बायकोला त्याच्या मोठ्या भावाकडे दुसऱ्या शहरात ठेवायचं, कायमचं. तिला जायचं नाही, हे सासूच सांगत होती. सासूलाही तिला धाडायचं नाही. तिने एकच मागितलं. जिथे ते वाचलं तिथेच, तितक्याच लोकांसमोर, ते खोटं होतं म्हणून सांगायचं. जिथे जिथे पाठवलं तिथे तेही पाठवायचं. आणि शिक्क्यानिशी कागद तिच्या हातात द्यायचा, म्हणजे ती तो मुलाकडच्यांपुढे ठेवेल. महिना संपायच्या आत.

वाक्यं कुणाचीही असोत, मी माझ्यावर घ्यायला तयार आहे. मला परत बोलावलं तरी चालेल. फक्त मला खरं सांग. आणि वेळ लावू नकोस, पाया पडते तुझ्या.

बडबडी


२० जुलै

प्रिय बडबडे,

ती वाक्यं माझी.

पान कधी हरवलंच नव्हतं, तुझ्या इतर पानांबरोबर कपाटात होतं. "का येते मला माहीत नाही" यावर मी काट मारली आणि वर आपल्या अक्षरात ती दोन वाक्यं घातली. "जुलूम" हा शब्द लिहिताना मी थोडी थांबले होते. मग वाटलं, त्याशिवाय जोर येत नाही. तुझं अठरा जूनचं पत्र आलं तेव्हाच मला उमगलं, आणि तरी मी तुला जावयाचा पत्ता विचारत बसले. तू तिथे उपाशी राहत होतीस आणि मी इथे सारवासारव करत होते. वर शपथही घेतली. शपथ खोटी नव्हती, हेच मी स्वतःला सांगत राहिले.

का केलं म्हणशील तर, तू हरून परत येशील याची मला धास्ती वाटली. तुझ्यासाठी वाटली असं मी आजवर समजत होते. आज वाटतं, माझ्यासाठीच. तू गेल्यापासून चर्चमध्ये मला लोक उठून जागा देतात.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. शनिवारी आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांना भेटले. ते म्हणाले, छोटीशी दुरुस्ती म्हणून आपण दोन ओळी वाचू, नावं घ्यायला नकोत. मी म्हटलं, नाव घ्यायचंय, माझं.

आज उपासनेनंतर उभी राहिले. लोकांना वाटलं काजवालीचं पुढचं पान आलं. पुढच्या रांगेतली म्हातारी सरसावून बसली. मी सांगितलं, "एक जूनला मी इथे जे वाचलं त्यातली दोन वाक्यं माझ्या भाचीची नव्हती. ती मी घातली, आणि ती खोटी आहेत. त्या घरात जुलूम नाही. त्या मुलीने आपली श्रद्धा सोडलेली नाही. तिची आई वारली होती, आणि तिला रडायला जागा हवी होती." बोलताना बाकाला धरून उभी होते. मग खजिनदार उठले आणि म्हणाले, म्हणजे कमिटीने खोट्यावर निर्णय घेतला. मी म्हटलं, हो. ते तडक बाहेर गेले. बाहेर पडता पडता म्हातारी माझ्यापाशी थांबली. मला वाटलं पाठीवरून हात फिरवेल. ती म्हणाली, "दीड महिना मी देवाचे आभार मानतेय. आता त्याला काय सांगू?"

जे बोलले तेच ग्रुपवर टाकलं. जावयांनाही थेट पाठवलं आणि त्यांनी जिथे जिथे धाडलं तिथे धाडायला सांगितलं. सोबत कागद आहे, मजकूर माझा, खाली सही माझी आणि पाळकसाहेबांची, चर्चचा शिक्का. तुझ्या मूळ पानाचा फोटोही जोडलाय, माझ्या काटेसकट. उद्या सकाळी पोस्ट उघडल्याबरोबर जलद टपालाने टाकते. महिनाअखेरीच्या आत पोचेल ना? सारखं कॅलेंडर बघतेय.

येत्या गुरुवारी कमिटी परत बसणार. तुझं काय ठरेल सांगता येत नाही. पानं वाचायचं काम मी सोडलं.

मला क्षमा कर असं लिहिणार होते. आधी ती मुलगी घरी राहते की नाही ते कळव.

तुझी,
आत्या


१९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

सलाम. तीन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण मला तुझा राग आला होता. अजून आहे. माझाही आहे, त्यामुळे वाटणी करत बसत नाही.

कागद अठ्ठावीस तारखेला पोचला. हातात पडल्याबरोबर सात मजले चढून गेले. सासूने घरातल्या सगळ्यांना आणि मुलाकडच्या दोन वडीलधाऱ्यांना बसवलं आणि मला मोठ्याने वाचायला लावलं, एकदा आपल्या भाषेत, एकदा इथल्या. जावयांनी अर्थासकट पाठवलेलं दीर फोनमध्ये ताडून बघत होता. "ती मी घातली, आणि ती खोटी आहेत" इथे आल्यावर मुलाकडच्या म्हाताऱ्याने विचारलं, हे लिहिणारी बाई कोण? मी म्हटलं, माझी आत्या, वय त्र्याहत्तर, शाळेची मुख्याध्यापिका होती. तो म्हणाला, या वयात एवढ्या लोकांसमोर हे बोलायला छाती लागते. तुझं कौतुक म्हणून लिहीत नाही. घडलं म्हणून लिहिते.

लग्न ठरल्याप्रमाणे होणार आहे. काजवालीला कुठे पाठवलं नाही. तो सगळा वेळ ती आतल्या दारात उभी होती. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.

चार तारखेपासून ती वर्गाला येते, सासूला घेऊन. सासू दाराशी खुर्ची टाकून बसते आणि सगळ्यांच्या शिवणीत खोट काढते. तिचं बरोबर असतं, त्यामुळे मुकाट्याने उसवावं लागतं. रविवारी काजवाली येत नाही. पहिले दोन आठवडे ती माझ्याशी दोरा आणि कात्री सोडून एक शब्द बोलली नाही. मी क्षमा मागितली तेव्हा तिने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. या वेळी मात्र मी विचारलं. म्हटलं, हो की नाही? ती म्हणाली, "अजून नाही." बरं वाटलं गं. निदान काय ते कळलं.

मला मार्चपर्यंत ठेवायचं ठरलं, हे पाळकसाहेबांच्या चिठ्ठीवरून समजलं. तू कळवलं नाहीस. गप्प बसू नकोस, आत्या. गुडघे कसे आहेत ते तरी लिही. मंडळीचं पान मी पाठवत राहीन, त्यात टिपा आणि मशिनीच असतील. जो कोणी वाचेल त्याने आहे तसं वाचावं.

काल वर्ग सुटल्यावर सासू नणंदेबरोबर बाजारात गेली. काजवाली मागे राहिली. मशीन झाकली, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि तासभर बोलली. मी मधे एकदाही तोंड उघडलं नाही. जाताना तिने "मनात ठेव" असं म्हटलं नाही, नुसती बघत राहिली.

काय बोलली ते मी तुलाही लिहीत नाही.

तुझी,
बडबडी